डिकीतला आवाज

४ जानेवारी, सोमवार

निवृत्त झाल्यावर बायका कुंड्यांत रोपं लावतात. मी नवी नोकरी लावून घेतली.

आज प्रतिष्ठानात पहिला दिवस. ह्या भागातल्या लहान-लहान सेवाभावी संस्थांना प्रतिष्ठान अनुदान देतं. माझं काम असं, की अर्ज केलेल्या संस्थेत जायचं, आपल्या डोळ्यांनी सगळं पाहायचं आणि द्यावं की न द्यावं ते लिहायचं. म्हणजे लोकांच्या घरात डोकवायचं आणि वर त्याचा पगार घ्यायचा! मला जन्मभर हेच तर करायचं होतं. वीज कंपनीत इतकी वर्षं तपासनीस होते, पण तिथे कागद तपासले. कागदांना चेहरे नसतात.

अध्यक्षबाई ऐंशीच्या घरातल्या, काठी टेकत चालणाऱ्या, नजर मात्र सुईसारखी. म्हणाल्या, "कलम सात पाठ करा. संस्थेला स्वतःची जागा आणि स्वतःचं साहित्य हवं. उसनवारीवर चालणाऱ्यांना आपण देत नाही. आमच्या सासऱ्यांनी घातलेला नियम आहे."

कलम नऊही वाचलं. तपासणाऱ्याचं घरचं माणूस एखाद्या संस्थेत जात असेल, तर त्याने त्या संस्थेची शिफारस करायची नाही. मला हसू आलं. आमच्या घरात माणसं दोन, आणि दुसरं माणूस उंबरा ओलांडत नाही.

ह्यांना सगळं सांगितलं. गेल्या वर्षीच्या झटक्यानंतर हे काठी घेऊन चालतात, पण बोलणं गेलं ते गेलंच. डॉक्टर म्हणतात शब्द आत आहेत, त्यांना वाट सापडत नाही. फळबाजारात लिलाव पुकारणारा माणूस हा! बाजाराच्या दुसऱ्या टोकाला उभं राहिलं तरी आवाज यायचा. आता सगळ्यावर एकच उत्तर, "बरं." बाकीचं मी पुरं करते. नाहीतर "मीठ दे" म्हणेपर्यंत जेवण उरकायचं.

"आवडलं ना तुम्हाला, मी नोकरी धरली ते? आवडलंच असणार," मी म्हटलं.

"बरं," हे म्हणाले.

७ जानेवारी, गुरुवार

मला गाडी मिळाली आहे. गाडीसोबत चालक. बोटीवरच्या अधिकाऱ्यासारखी टोपी घालतो म्हणून सगळे त्याला कप्तान म्हणतात. गोड बोलतो, गाडी जपून चालवतो. फक्त गाडी फार जुनी आहे. डिकीचं कुलूप गंजलंय म्हणे, उघडत नाही. मी फायलींचा गठ्ठा ठेवायला मागे गेले तर धावत आला. "मॅडम, तिथे नको. मागच्या सीटवर ठेवा, ऐसपैस आहे."

सकाळी मला घ्यायला लवकर येतो आणि मी तयार होईपर्यंत आमच्या पायरीवर ह्यांच्याशेजारी बसतो. काय बोलत असेल त्यांच्याशी? एकट्यानेच बडबडत असणार बिचारा.

कचेरीत माझं नाव पडलंय म्हणे. दुर्बीण. मला आवडलं.

१२ जानेवारी, मंगळवार

पहिली भेट! मी माझी जुनी युक्ती वापरली. कुठे जायचं ते आधी कुणालाही सांगितलं नाही. गाडीत बसल्यावर कप्तानला म्हटलं, "अंध मुलींच्या वसतिगृहाकडे घ्या." गाफील गाठलं की खरं दिसतं.

वाटेत चाकात हवा भरायला थांबलो. कप्तान खाली उतरून फोनवर कुणाशी तरी बोलत होता. घरचंच काहीतरी असेल.

वसतिगृहाच्या दाराशी मला उतरवून म्हणाला, "तुम्ही व्हा पुढे, मी गाडी मागे सावलीत लावतो." ढगाळ होतं, पण असो. अधीक्षकांनी आधी पाणी दिलं, मग मुलींची प्रगतिपुस्तकं दाखवली, मग इमारतीचा नकाशा. मी म्हटलं, "नकाशा कशाला? इमारतीतच तर बसलोय आपण." तेवढ्यात एक मुलगी येऊन म्हणाली, "सर, झालं." मग आम्ही संगीताच्या खोलीत गेलो.

एक विजेवर चालणारं वाद्य होतं, काळं, पेटीसारख्या पट्ट्यांचं, दुमडत्या स्टँडवर ठेवलेलं. एक पांढरी पट्टी तुटलेली होती. तिच्या जागी प्लॅस्टिकच्या फूटपट्टीचा तुकडा चिकटवला होता. त्यावर सात, आठ, नऊ हे सेंटिमीटरचे आकडे अजून दिसत होते. ती लहान मुलगी वाजवताना बोटाने त्या तुकड्यावरची खाच चाचपायची आणि मग पुढे जायची. त्या खाचेवरून तिला आपण कुठे आहोत ते कळतं म्हणाली. किती वेळ मी तिच्या बोटांकडेच पाहत राहिले.

शिफारस लिहिली. साहित्य स्वतःचं, उत्तम.

१५ जानेवारी, शुक्रवार

न्हाणीघरातला पाइप पुन्हा गुणगुणायला लागलाय. सकाळी हे अंघोळीला गेले की सुरू होतो, ते बाहेर आले की बंद. पाण्याच्या दाबाचं काहीतरी असणार. प्लंबरला बोलवायला हवं.

ह्यांनी आज निळा शर्ट घातला आणि दाढीही केली. कुठे जायचं नाही, यायचं नाही, तरी. मी म्हटलं, "कुणासाठी एवढं?" मग मीच म्हटलं, "करा, करा. बरं वाटतं तेवढंच."

कप्तान मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी गाडी गॅरेजला नेतो. मी त्या दिवशी कचेरीत लिहीत बसते.

२० जानेवारी, बुधवार

आज वृद्धांच्या दिवसभराच्या केंद्रात गेलो. चाकात पुन्हा हवा. ह्या गाडीला लागते तेवढी हवा माणसाला लागत नाही.

केंद्र चालवणाऱ्या बाई पूर्वी परिचारिका होत्या. त्यांनीही आधी पाणीच दिलं. मग शौचालय दाखवलं, मग औषधांचं कपाट, मग परत शौचालय. मी शेवटी म्हटलं, "बाई, मला माणसं दाखवा." आत आजी-आजोबा गोल करून बसले होते, आणि मध्ये काय असावं? तसंच वाद्य. तशीच फूटपट्टी! सात, आठ, नऊ.

मला फारच गंमत वाटली. म्हणजे ह्या भागात दुरुस्ती करणारा एकच कारागीर असावा आणि त्याची हीच पद्धत. गाडीत बसल्यावर कप्तानला विचारलं तर तो म्हणाला, "असेल मॅडम. फूटपट्ट्या स्वस्त असतात." खड्ड्यातून जाताना मागून काहीतरी खणखणलं. मी म्हटलं, "गॅरेजवाल्याला दाखवत का नाही हे?" म्हणाला, "दर आठवड्याला दाखवतो."

२२ जानेवारी, शुक्रवार

प्लंबर आला. पाइप ठोकून, कान लावून पाहिला. म्हणाला, पाइप ठणठणीत आहे. मी म्हटलं, गुणगुणतो. त्याने ह्यांच्याकडे पाहिलं, ह्यांनी छताकडे. पैसे घेऊन गेला. हल्ली कुणाला काम येत नाही.

दुपारी कचेरीतून शेजारच्या वहिनींना फोन केला. त्या रोज डोकावून जातात. "गाढ झोपलेत भाऊजी," म्हणाल्या. संध्याकाळी ह्यांच्या खिशात घशाच्या गोळ्या सापडल्या. मी म्हटलं, "घसा धरलाय? न बोलता?"

२८ जानेवारी, गुरुवार

आजचा दिवस सावकाश लिहिते.

सायकल दुरुस्तीच्या दुकानावर एक खोली आहे, लाकडी जिन्याची. तिथे झटक्यानंतर वाचा गेलेल्या माणसांचा गट जमतो. जमून काय करतात? गातात! मला खरं वाटेना. संगीतशिक्षिका समजावून सांगत होत्या, "बोलण्याची वाट बंद झाली तरी कित्येकांची गाण्याची वाट उघडी असते. आम्ही रोजची वाक्यं चालीत बसवतो. गाता गाता एखादा शब्द बोलण्यात उतरतो. सगळ्यांचा उतरतोच असं नाही, पण उतरतो."

आणि मी ऐकलं. एक आजोबा, ज्यांना मला नमस्कारसुद्धा म्हणता आला नव्हता, ते गायले, "दार उघडा, कोण आलंय, चहा टाका." शब्द न् शब्द स्वच्छ.

एक खुर्ची रिकामी होती. विचारलं तर शिक्षिका म्हणाल्या, "आज एकजण येऊ शकले नाहीत. आवाज सगळ्यांत मोठा त्यांचाच." सगळे एकमेकांकडे पाहून हसले. वाचा नसलेली माणसं काय मोकळं हसतात! सुरुवातीला ते सगळे मिळून एक पुकारा करतात, "आला, आला, माल आला, वास घ्या, मग बोली द्या!" त्याने घसा मोकळा होतो म्हणे.

शिक्षिकेने निघताना सांगितलं, "भाडं परवडत नाही, मार्चमध्ये ही जागा सोडावी लागेल. तुमचं अनुदान आलं तरच गट राहील. नाही आलं तर ही माणसं पुन्हा आपापल्या घरी गप्प बसतील."

आणि तेव्हाच माझी नजर वाद्यावर गेली. सात, आठ, नऊ. नवाच्या बाजूला शाईचा ठिपका. तो ठिपका मी वसतिगृहात पाहिला होता.

कारागीर एक नाही. वाद्य एक आहे. पाणी मुरतंय.

घरी येऊन ह्यांना त्या पुकाऱ्याचं सांगितलं. म्हटलं, तुमच्या बाजारातल्यासारखंच होतं, तुम्हाला मौज वाटली असती. हे एवढे खोकले, एवढे खोकले, की पाणी द्यावं लागलं. घसा खरंच धरलाय.

३० जानेवारी, शनिवार

रागही येतो आणि उत्सुकताही वाटते. आणि खरं सांगायचं तर उत्सुकता जास्त. ते वाद्य माझ्या आधी पोचतं कसं? कुठे जायचं ते मी गाडीत बसल्यावर सांगते. माझ्याखेरीज कुणालाच ठाऊक नसतं. कप्तानला असतं म्हणा, पण तो तर माझ्याबरोबरच असतो.

मंगळवारी गाडी गॅरेजात असते. मी बसने जाणार. ह्यांना सांगितलं नाही. सांगून तरी काय, "बरं" म्हणाले असते.

२ फेब्रुवारी, मंगळवार

घरी आल्या आल्या लिहायला बसले.

कचेरीत दाताचं कारण सांगून निघाले. बसमधून उतरून कोपऱ्यावर वळले, तर सायकल दुकानासमोर आमचीच गाडी. आणि जन्मात न उघडणारी डिकी सताड उघडी. आत एक जुनी गोधडी, त्यात वाद्याच्या लांबीचा खळगा.

मी तिथेच थबकले. त्या खळग्याकडे बघत उभी राहिले. वसतिगृहात, केंद्रात, इथे, प्रत्येक वेळी ते वाद्य माझ्याच पाठीमागे, माझ्याच गाडीत होतं. दुर्बीण! स्वतःच्या पाठीमागचं दिसलं नाही.

जिना चढत होते. वरून पुकारा आला. "आला, आला, माल आला!"

तो आवाज मी कुठेही ओळखला असता. लग्नाआधी एकदा बाबांबरोबर फळबाजारात गेले होते, तेव्हा ह्याच आवाजामुळे मी मान वळवली होती. एका वर्षाने ऐकला. कठडा धरून मी पायरीवर खाली बसले आणि ढसाढसा रडले. सायकलवाला वर येऊन विचारून गेला, पडलात का म्हणून.

मग दारात गेले. निळा शर्ट घालून हे मध्यभागी उभे, काठी हवेत, अगदी लिलावाच्या ओट्यावर असल्यासारखे. मला पाहून आवाज बंद. सगळ्यांचाच. कप्तानच्या हातातून स्टँड सुटला आणि तेच खणखण वाजलं.

मी तोंड उघडलं. काय बोलणार होते कोण जाणे. तशीच खाली आले आणि बसने घरी आले.

३ फेब्रुवारी, बुधवार

कप्तान सकाळी आला, टोपी हातात. पायरीवर बसला नाही. सगळं मीच त्याच्याकडून काढून घेतलं.

वाद्य नक्की कुणाचं ते आता कुणालाच आठवत नाही. ते तिघांत फिरतं. मुलींना सकाळी, वृद्धांना बाकीच्या दुपारी, गटाला मंगळवारी-शुक्रवारी दुपारी. गुरुवारी गट वाद्याविनाच जमतो, त्या दिवशी ते माझ्यामुळे आलं. एकट्या संस्थेला ते परवडत नाही आणि एकटीला दिवसभर कुणालाच लागत नाही. पण कलम सात! म्हणून भेटीच्या दिवशी प्रत्येक संस्थेने "आमचंच" म्हणायचं.

"आणि ह्यांना कधीपासून नेताय?"

"तुम्ही साडी नेसून येईपर्यंत पायरीवर बसायचो मॅडम. एकदा मी गाणं गुणगुणत होतो तर साहेबांनी साथ दिली. मी चाटच पडलो. मग नेलं एकदा."

"मला सांगायचं नाही?"

"तुम्हाला कळलं तर कलम नऊ. तुम्ही बाजूला होणार, फाइल त्या दुसऱ्या विश्वस्तांकडे, धाकट्या साहेबांकडे जाणार. ते जागचे हलायचे नाहीत, उंटावरून शेळ्या हाकणार. कलम सात वाचून शिक्का मारतील. गट बंद."

खरं आहे. म्हणजे मी गप्प बसले तर गट वाचतो. आजवर मी एकही खोटी ओळ लिहिलेली नाही. वसतिगृहाची ती "स्वतःचं, उत्तम" सोडून, आणि ती मला ठाऊक नव्हतं म्हणून.

ह्यांना विचारलं, "मला का नाही सांगितलंत? कलम नऊमुळेच ना? मला अडचण नको म्हणून ना?"

हे माझ्याकडे बघत राहिले. ओठ हलले. मग मान खाली घातली. "बरं."

म्हणजे तेच कारण. माझं मन भरून आलं. किती विचार करतात माझा.

६ फेब्रुवारी, शनिवार

लिहिलं. सगळं लिहिलं. तिन्ही संस्था, एक वाद्य, डिकी, गोधडी, आणि माझा नवरा. शिफारशीच्या जागी लिहिलं, "मला अधिकार नाही." पण खाली चार ओळी जादा घातल्या. ज्या तीन संस्था एक वाद्य न भांडता वापरतात त्यांना नियम खोटं बोलायला लावतो. ताकाला जाऊन भांडं लपवायची पाळी त्यांच्यावर आपण आणली आहे.

कागद अध्यक्षबाईंच्या टेबलावर ठेवला. घरी येऊन ह्यांना सांगितलं, "गट बंद पडला तर तो माझ्यामुळे." ह्या वेळी "बरं" सुद्धा आलं नाही.

१२ फेब्रुवारी, शुक्रवार

अध्यक्षबाई स्वतः निघाल्या! म्हणाल्या, "मला ती डिकी बघायची आहे."

चाकात हवा भरायला थांबलो नाही. सायकल दुकानासमोर बाई उतरल्या, डिकीपाशी गेल्या, काठीने गोधडी उचकून पाहिली. कप्तान पांढराफटक.

"काखेत कळसा अन् गावाला वळसा," त्या म्हणाल्या. "सासऱ्यांचा नियम, माझी गाडी आणि तुमचा नवरा. आता उचला ते. पुढच्या दाराने."

वाद्य मी आणि कप्तानने उचललं. पहिल्यांदाच ते माझ्यादेखत पुढच्या जिन्याने चढलं. जड आहे, मला कल्पनाच नव्हती.

वर सगळे धास्तावलेले. शिक्षिकेने पट्टी दाबली तरी कुणी गाईना. मी खुणेने ह्यांना सांगणार होते, सुरू करा, असं करा, तसं करा. शिक्षिकेने माझा हात धरला आणि कानात म्हणाल्या, "थांबा ना जरा. तुम्ही फार लवकर मदत करता."

म्हणून थांबले. अवघड होतं. सुपारी फुटेल एवढे दात आवळले होते मी. आणि मग हे उठले, आणि पुकारा झाला.

अध्यक्षबाई शेवटपर्यंत बसल्या. जाताना त्या फूटपट्टीवरून बोट फिरवून म्हणाल्या, "सात. सासऱ्यांना पट्टीने मोजायची फार हौस." देणार की नाही ते मात्र सांगितलं नाही.

२६ फेब्रुवारी, शुक्रवार

विश्वस्तांची बैठक झाली. धाकट्या साहेबांनी विरोध केला म्हणे, बाईंनी काठी आपटली म्हणे. कलम सात एका वर्षासाठी बाजूला ठेवलंय. तिन्ही संस्थांना मिळून एक अनुदान, जागेच्या भाड्यासकट. गट राहिला!

कप्तानला लेखी ताकीद. मला भेटींवरून काढलं, वर्षभर कचेरीत बसून अर्ज वाचायचे. पुन्हा कागद. डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू. कप्तान म्हणाला, "मॅडम, मंगळवारी-शुक्रवारी दुपारी मोकळ्या असाल ना? जिना चढताना दुसरं टोक धरायला माणूस लागतं."

२७ फेब्रुवारी, शनिवार

शिक्षिकेने काल मला एक गोष्ट शिकवली. प्रश्न विचारायचा आणि चहा गार होईपर्यंत गप्प बसायचं.

आज संध्याकाळी दोन कप घेऊन ह्यांच्यासमोर बसले. म्हटलं, "एक विचारते. मला का नाही सांगितलंत?"

आणि तोंड मिटलं. कारण मला ठाऊकच होतं, कलम नऊ. पण म्हटलं, त्यांच्या तोंडून ऐकू.

ह्यांचे ओठ हलले, थांबले. बोटं टेबलावर ताल धरू लागली. माझ्या जिभेवर वाक्य तयार होतं, ते गिळलं. चहावर साय धरली. खाली रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. हे डोळे मिटून हळूहळू, अर्धं गात, अर्धं बोलत म्हणाले,

"दर वेळी... तू विचारलंस... आणि... उत्तरही... तूच दिलंस."

मी चहा परत गरम करायला उठले नाही. तसाच प्यायलो दोघांनी.